गवताचा फोटो

वेल्हे

ती. अण्णा,
लांबूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

फोन केला की तुम्ही तो दादाकडे देता, म्हणून पत्र लिहितेय. माझं इथं छान चाललंय. कचेरीतली माणसं चांगली आहेत, जेवणही वेळेवर होतं. फक्त सुट्टीच्या दिवशी खोलीत बसवत नाही. मग तुमचा कॅमेरा घेऊन चालत सुटते.

रविवारी सकाळी मार्गासनीला गेले. तोरण्याचे वीसेक फोटो काढले आणि सगळे पुसून टाकले. मन कशावरच ठरेना. दमून बांधावर टेकले, तर शेजारच्या गवताच्या तुऱ्यात दव अडकलेलं दिसलं. वारा थांबायची वाट बघत कितीतरी वेळ तशीच वाकून राहिले.

त्या शेतात काम करणाऱ्या धोंडाबाई हसल्या. "एवढा गड सोडून गवताचा फोटू काढतीयास व्हय?"

मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी वाकून तो नीट पाहिला. मग म्हणाल्या, "आन म्या रोज ह्येच तुडवत जाती!"

तो फोटो सोबत पाठवतेय. मी आपल्या फोटो स्टुडिओत असते, तर तुम्ही लगेच चूक काढली असती. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात लुळा पडल्यापासून तुम्ही कुणाशीच बोलत नाही, असं दादा म्हणतो. गोळ्या घेता ना? वहिनीचा खोकला थांबला का?

फोटोत काय चुकलंय ते मला कळवा. दादाकडून लिहून घेऊ नका. डाव्या हातानं लिहा, वाकडंतिकडं, दोन शब्दसुद्धा चालतील. मी पोस्टमनला रोज विचारणार आहे.

तुमची लेक,
सुलक्षणा