तिच्या पावलांचा ठेका

प्रिय डॉक्टर,

'प्रिय' सवयीनं लिहिलंय, राग उतरला असं समजू नकोस.

शाळेतला शेवटचा बाक आठवतो? कवितेच्या तासाला आपण त्यावर बोटांनी ठेका धरायचो : टक टकटक, टक टकटक. पुढं माझी लेक मैदानावर धावायला लागली, तेव्हा खडीवर तिच्या बुटांचा तोच ठेका यायचा. कुंपणाला टेकून मी मात्रा मोजायचो. एकही चुकायची नाही. तू एकदा शेजारी उभा होतास. म्हणालास, "अरे, ही पोरगी नाही, वृत्त आहे वृत्त!"

आणि नऊ वर्षांपूर्वी, तिला एकदा चक्कर आली म्हणून केलेल्या तपासणीचा कागद नाचवत तूच म्हणालास, "हृदयाच्या जनुकात दोष आहे. हजारांत एकातही सापडत नाही. धावणं बंद. जिनासुद्धा सावकाश." एकविसाव्या वर्षी! मी विचारलं, "हजारांत म्हणजे कुठल्या हजारांत रे?" तू हसलास. "कविराज, तुम्ही आपली कविता वाचा."

आता उत्तर आलंय. ते हजार दुसऱ्याच मुलखातले होते. ज्या नमुन्यांशी तिचं रक्त ताडून पाहिलंत, त्यांत आपल्यासारखं एकही माणूस नव्हतं. प्रयोगशाळेनं आता आपल्या लोकांचे नमुने घेऊन नवा, मोठा संदर्भ बांधायला घेतलाय. मीही दंड पुढं केला. त्यांचं पत्र सांगतं, जनुकातला हा फरक आपल्याकडं शंभरातल्या नऊ धडधाकट माणसांत आहे. माझ्यातही! शहात्तराव्या वर्षी सायकल हाणतोय मी. तुमच्या वहीत नव्हता, म्हणून शब्दच चूक ठरवलात! नऊ वर्षं, गाढवा, काचेचं भांडं न्यावं तशी ती स्वतःला नेत राहिली.

पण तुला शिव्या घालून माझं भागत नाही. तिचे बूट मीच कचऱ्यात टाकले. ती बंद दारामागं रडत होती आणि मी बाहेरून म्हणत होतो, "डॉक्टरकाका सांगतात ते ऐक." पत्र येऊन चार दिवस झाले. शब्दकोशात दडवलंय. तिच्यापुढं तोंड उघडत नाही, म्हणून तुला लिहितोय. रविवारी ये. तिच्यासमोर "चुकलो" म्हण. मी शेजारी उभा राहीन, तसाच, मान खाली घालून.

थांब. दुपारचे तीन वाजलेत, ती या वेळी ऑफिसात असते. पण जिन्यात हा ठेका कुणाचा? आत्ताच शब्दकोश उघडला. पत्र नाही.

दारात लेक उभी आहे. लालबुंद, धापा टाकत, पायांत नवेकोरे बूट. प्रयोगशाळेचं ते पत्र तिनं माझ्यासमोर धरलंय. रविवारपर्यंत थांबू नकोस.

तुझाच,
बाकसोबती