सातव्या गाण्यातली आरोळी

सोनाळा, मंगळवार, दिवेलागण

आमच्या गावचा डीजे रफिकभाई, त्यानं निवडलेल्या बारा ट्रान्स गाण्यांचा पेनड्राइव्ह चांगला की वाईट, ते उद्या मले त्याले सांगायचं आहे. ट्रान्स, म्हंजे एकाच ठोक्यावर गुंगवणारं इलेक्ट्रॉनिक संगीत, ऐकाले त्यानंच शिकवलं मले. खरं बोललो तर तुटेल तो.

सातव्या गाण्यात ठोका थांबतो, सगळं शांत होतं. नेमकी तिथंच त्यानं वरातीतल्या डीजेसारखी आरोळी टाकली: "डीजे रफिक, सोनाळा." फोनवर विचारलं, तिथं काऊन? म्हणे, "लोकं नावच ऐकते बे. शांततेले कोण विचारते?"

चुकलाच तो. खात्री कराले सातवं पुन्हा लावलं. ठोका थांबला, अन् आरोळी यायच्या आधीच माझे ओठ त्याचं नाव घेऊन मोकळे झाले. शांतता मीही ऐकलीच नाही.

उद्या खरं सांगू, पण कोणत्या कानाच्या भरवशावर?