आबा, तुमचा गूळ चालला नाही

आबा, परवा तुमचा गूळ मी कारखान्यात नेला आणि चांगलीच तोंडघशी पडले. मुरबाडला मी सुपरवायझर झाले हे बघायला तुम्ही राहिला नाहीत. नवीन मशीन बसवायला आमच्याकडे दोन इंजिनियर आलेत, एक जपानी, एक कोरियन. दोघेही सज्जन, आपल्या भातावर ताव मारणारे. चार दिवसांपूर्वी जेवताना जपान्याच्या मोबाइलवर बातमी आली, जुन्या खाणींवरून त्यांच्या सरकारांचं पुन्हा वाजलं म्हणून. कोरियावर जपानचं राज्य होतं तेव्हा तिथली माणसं धरून खाणींत राबायला नेली होती, त्याचा वाद. जपानी म्हणाला, "करार झाला, माफी मागून झाली. आणखी किती वेळा मागायची?" कोरियन म्हणाला, "एक मंत्री माफी मागतो, दुसरा म्हणतो असं घडलंच नाही. ही कसली माफी?" झालं! दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलेनात, मशीन अर्धवट उघडं पडलेलं. मॅनेजर मला म्हणाले, "ताई, तुम्ही गावच्या. बघा काही जमतंय का."

मला तुम्ही आठवलात. आपल्या ओटीवर भांडखोर समोरासमोर बसवलेले, एकाच ढेपेचा गूळ दोघांच्या हातावर, एकाच तांब्यातलं पाणी, आणि तुमचं ठरलेलं बोलणं, "गूळ खाल्ला, मिटलं. आता कोणी तोंडातून काढायचं नाय." मला केवढा अभिमान वाटायचा तेव्हा! मीही कॅन्टीनमध्ये तस्संच केलं. जपान्याने खडा लगेच तोंडात टाकला आणि कमरेत वाकला. कोरियनने तो टेबलावर ठेवला. मला म्हणाला, "मॅडम, माझे पणजोबा त्या खाणीतून परत आले नाहीत. त्यांचं नावसुद्धा बदलून जपानी केलं होतं. मिटलं म्हणता, पण मला कोणी विचारलं?" असा न खाल्लेला खडा मी आधीही बघितला होता, आत्याच्या मुठीत.

मी दहा वर्षांची आहे. खळ्यावर भाताची झोडणी चाललीय. एक पोतं सापडत नाही, आणि तुम्ही सगळ्या गावासमोर सख्ख्या बहिणीला चोर म्हणता. नवरा वारल्यापासून ती आपल्याकडे राबतेय, पहाटेपासून तिच्या हातात पेंढ्या आहेत. दुसऱ्या दिवशी पोतं पेंढ्याच्या उडवीमागे निघतं. मग गावाची भांडणं तोडणारे तुम्ही, स्वतःचंही तसंच तोडायला बसता. "घे गो, गूळ खा. झालं गेलं." आत्या खडा मुठीत धरते, तोंडात टाकत नाही. "दादा, गूळ नको. चोर गावासमोर बोललास ना, मग चुकलं येवढं गावासमोर बोल." तुम्ही उसळता, "आता काय पाया पडू तुझ्या?" त्याच दिवशी ती धसईला सासरच्या घरात राहायला गेली. तुम्ही दर भाऊबीजेला पाट मांडून ठेवायचात आणि दुपारी स्वतःच उचलायचात. आई काही बोलली की म्हणायचात, "मी गूळ दिला, तिने खाल्ला नाय. माझं काय चुकलं?" तुम्ही वाईट नव्हता हो आबा. हट्टी होता. पाट उचलताना तुमचे डोळे भरलेले मी पाहिलेत, म्हणून तर जास्त राग येतो.

काल जपानी आपली खुर्ची ओढत कोरियनजवळ गेला. त्याने विचारलं, "तुमच्या पणजोबांचं खरं नाव काय होतं?" कोरियनने सांगितलं. जपान्याला ते नीट म्हणता येईना, त्याने दोनदा विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं. म्हणाला, "हे मी शाळेत नीट शिकलो नाही." संध्याकाळपर्यंत मशीन चालू झालं. जेवायला दोघं अजून वेगळेच बसतात, आणि मिटलं असं कोणीच म्हणत नाही.

तुमच्या दहाव्याला आत्या आली होती, लांब झाडाखाली उभी होती. मीच तिला म्हणाले, "आता तरी विसर गो. मेलेल्या माणसावर कसला राग?" ती धसईच्या एसटीत बसली. ती एसटी कारखान्याच्या फाटकावरून रोज जाते. अजून मी तिच्यात चढलेली नाही.

आबा, ते पोतं मी त्याच दिवशी बघितलं होतं. तुम्ही आत्यावर ओरडत होतात तेव्हा मी उडवीमागेच होते. घाबरले आणि गप्प राहिले, आणि मग गप्पच राहिले. खरं तर हे पत्र आत्याला लिहायला बसले होते. वर तुमचं नाव घातलं, कारण तुम्ही मला काही विचारणार नाही.