कस्तुराबाईंचे नाव काढून महानंदाचे नाव घालण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
मांजरा-मन्याड समाजसंशोधन व लोकसंवाद केंद्र,
नांदेड.

अर्जदार : महानंदा मन्मथ हालकुडे, वय ४७, धंदा शेती व घरकाम, रा. मौजे सारणवाडी (पुनर्वसित), ता. औसा, जि. लातूर.

विषय : 'संशोधन आपल्या गावी' या कार्यक्रमामुळे एका निरपराध बाईवर आलेला आळ दूर करणेबाबत. (तिसरा अर्ज)

संदर्भ :
१) "ताई, तुम्ही फक्त खरं ते सांगा. नावाची काळजी आमच्यावर सोडा." ही आपल्या केंद्राच्या तेव्हाच्या संशोधक नाझनीन मॅडम यांची तोंडी सूचना, लातूर, ऑक्टोबर २००६.
२) अर्जदाराचे अर्ज दि. २३ नोव्हेंबर २०१० व दि. २९ डिसेंबर २०१०.
३) आपली उत्तरे दि. २१ डिसेंबर २०१० व दि. १८ जानेवारी २०११.

महोदय,

१. पहिले दोन अर्ज औशाला तहसीलसमोर टाइपरायटर घेऊन बसणारे शेषेराव यांनी लिहून दिले होते. त्यांनी 'सविनय' आणि 'कृपावंत' हे शब्द पुष्कळ घातले. त्याने काही झाले नाही. हा अर्ज अर्जदार स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शिक्षण सातवीपर्यंत आहे, तरी चूकभूल पदरात घ्यावी. 'मी' न म्हणता 'अर्जदार' म्हणायची रीत शेषेरावांची. ती बरी वाटली, कारण पुढची हकीकत 'मी' म्हणून लिहायला हात धजत नाही.

२. सन २००५ ते २००७ अशी दोन वर्षे अर्जदार लातूरला खोली करून राहिली. मुलगा शिवम अकरावी-बारावीला होता. आमच्या भागात हे घरोघरी चाललेले असते. बाप गावात शेती बघतो आणि आई लेकराला घेऊन लातूरला जाते. पहाटेच्या क्लासआधी चहा, दुपारी डबा, बाकी दिवसभर आवाज न करता बसून राहणे. एका जिन्यावर आम्ही अशा सहा आया होतो. नाझनीन मॅडम मूळच्या उदगीरच्या, तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांच्या. त्र्याण्णवच्या भूकंपातून वाचलेल्या आया पोरांच्या शिक्षणासाठी एवढ्या हट्टाला का पेटतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्या पाच वेळा आल्या. चौथ्या वेळी सोमवार होता. अर्जदाराचा उपवास आणि मॅडमचा रोजा. दोघींच्या पोटात पाणी नव्हते, त्यामुळे चहा ठेवण्याचे निमित्त करून उठताही आले नाही. तेरा वर्षांत नवऱ्याला जे सांगितले नव्हते ते अर्जदाराने त्या दिवशी टेपसमोर सांगितले.

३. सांगितले ते असे. भूकंपाच्या दिवशी दुपारी जुन्या गावात लष्कराचे सहा जवान आले. त्यांच्याजवळ दोन पहारी आणि एक जॅक, एवढेच. गल्लीत दोन ढिगारे शेजारी शेजारी होते. एक अर्जदाराच्या घराचा, त्यात चार वर्षांचा शिवम. दुसरा सोजरबाईच्या घराचा. सोजरबाईच्या ढिगातून तांब्या दगडावर आपटावा तसा आवाज थांबून थांबून येत होता. गावात रडारड एवढी की जवळ उभे राहिल्याशिवाय तो कळत नव्हता. अर्जदार जवळ उभी होती. शिवमच्या ढिगातून काहीच आवाज नव्हता. जवानाने सोजरबाईच्या घराकडे बोट करून विचारले, "माताजी, उधर कोई है?" अर्जदाराने सांगितले, "उधर कोई नहीं." आणि त्याचा हात धरून त्याला आपल्या ढिगाकडे नेले. शिवम दीड तासाने जिता निघाला. तोवर तांब्या थांबला होता. सोजरबाईला दुसऱ्या दिवशी बाहेर काढले.

सोजरबाईची आठ महिन्यांची मुलगी पाळण्यात होती. तिला पलीकडच्या घरच्या कस्तुराबाईंनी सकाळीच हातांनी माती उकरून काढले होते. मुलीचे आईबाप दोघेही गेले. कस्तुराबाईंचा नवरा त्याच पहाटे गेला, आणि त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी ती मुलगी वाढवली. तिचे नाव उज्वला. आज ती बारावीला आहे, आणि तिच्यासाठी कस्तुराबाईंनीही लातूरला खोली केली.

४. मॅडमनी त्या अभ्यासाचे पुस्तक केले, त्यात अर्जदाराचे नाव बदलले आणि 'कस्तुराबाई' ठेवले. मुद्दाम नाही. अर्जदाराच्या बोलण्यात ते नाव सारखे यायचे, ते त्यांच्या कानात राहिले आणि लिहिताना आपल्यालाच सुचले असे त्यांना वाटले. तसे त्यांनी हैदराबादहून पत्राने कळवले आहे. नक्कल जोडली आहे. गावाचेही नाव बदलले होते, आणि ओळख पटू नये म्हणून शिवमच्या जागी नुसते 'घरचे माणूस' लिहून ते जिते निघाले की नाही हे गाळले होते. पुस्तक आपल्या कपाटात राहिले असते तर कोणाचे काही बिघडले नसते. पण ज्ञान समाजाला परत द्यायचे असे आपण ठरवलेत, आणि ते नेमके आमच्या गावी परत दिलेत.

५. दि. १४ नोव्हेंबर २०१० रोजी आपली गाडी आली. समाजमंदिरासमोर मांडव, कर्णा, कापडी फलक. बोलणारे सर तरुण होते आणि वाचत छान होते. नावे बदललेली आहेत असे त्यांनी सुरुवातीला सांगितले, पण तेव्हा कर्णा शिट्टी मारत होता आणि लोक सतरंजीवर जागा धरत होते. पुढचे सगळे मात्र स्वच्छ ऐकू आले. ही तुमच्याच गावची गोष्ट आहे, असे म्हणून त्यांनी तांब्यापासून जवानापर्यंत सगळे वाचले, आणि दर दोन ओळींनी "कस्तुराबाई म्हणतात". 'घरचे माणूस' म्हणजे कस्तुराबाईंचा नवरा, असे गावाने धरले. कस्तुराबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. शेजारी उज्वला होती, दिवाळीच्या सुट्टीला आलेली. अर्जदार बायकांच्या मागच्या रांगेत होती. तेव्हाच उठून बोलायला पाहिजे होते. अर्जदार खरे दाबून बसून राहिली. हे दुसऱ्यांदा झाले, हे अर्जदारास ठाऊक आहे.

वाचन संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. सरांना वाटले, लोक भारावले. निवृत्ती सरपंचांनी आभार मानले, चिवड्याची पाकिटे वाटली. उज्वला पाकीट न घेता उठली. जन्मभर जिला माय म्हटले तिच्यासमोर हात पसरून ती म्हणाली, "कस्तुराबाई, खोलीची किल्ली द्या. माझी पुस्तकं हायत तिथं."

कस्तुराबाईंनी कनवटीची किल्ली काढून दिली. उज्वला त्याच संध्याकाळी लातूरला गेली, पुस्तके घेऊन मुलींच्या होस्टेलवर राहिली आणि किल्ली घरमालकाकडे ठेवली. तेव्हापासून कस्तुराबाई गावात आहेत. पाण्याच्या टाकीवर त्या आल्या की बायका घागरी उचलतात.

६. चौथ्या दिवशी अर्जदार होस्टेलवर गेली आणि उज्वलाला खरे ते सांगितले. मुलीने ऐकून घेतले, पाणी दिले, पाया पडली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही देवमाणूस. तिला सोडवायला पाप अंगावर घेऊन राहिलात. पण ते छापून आलंय." अर्जदार रोज इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाही, सोमवार सोडत नाही, कोणाला मोठ्याने बोलत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. ते सगळे अर्जदाराच्या विरुद्ध गेले. सरपंच म्हणाले, ताई, तुमचं मन मोठं आहे. टाकीवरच्या बायका म्हणाल्या, ही कशाची करते, हिला मुंगी मारवत न्हाई. ही व्रते भूकंपाच्या आदल्या दिवशी नव्हती, दुसऱ्या दिवशी लागली, हे कोणी मोजून पाहिले नाही. सतरा वर्षे अर्जदाराने देवाची आड घेतली. आता तिलाच त्या आडून बाहेर येऊ देत नाहीत.

७. म्हणून आपल्याकडे अर्ज केला. छापलेले आपले, तेव्हा ते खोडण्याचे बळही आपल्याच कागदाला आहे. आपण कळवलेत की गोपनीयतेच्या हमीनुसार उत्तरदाती क्रमांक सतरा हिची ओळख कोणालाही देता येत नाही. उत्तरदाती क्रमांक सतरा मीच, असे अर्जदाराने कळवले. त्यावर आपण कळवलेत की अर्जदार तीच आहे किंवा नाही, याची खातरजमा करणे म्हणजेच ओळख उघड करणे होय.

त्याआधीच, जानेवारीच्या सुरुवातीला, अर्जदार शेतकामाचा मोड पत्करून नांदेडला येऊन गेली होती. कारकुनाने एक छापील फॉर्म दिला. त्यात पहिलाच प्रश्न, 'तक्रारदार हा उत्तरदाता आहे काय?' होय लिहिले तर फॉर्मवर नाव घालता येत नाही, आणि बिननावाची तक्रार घेत नाहीत. नाही लिहिले तर तक्रारीचा हक्क नाही. अर्जदाराने विचारले, मग हा फॉर्म आजवर कोणी भरला? कारकून चांगला माणूस होता. म्हणाला, बाई, अजून तरी कोणी नाही. त्याने शिवमचे ना-हरकत पत्रही आणायला सांगितले. शिवम पुण्याला नोकरीला आहे. त्याला फोनवर सगळे सांगितले. तो म्हणाला, "आई, मला काय म्हणून सांगितलंस हे?" पत्र आलेले नाही. संक्रांतीला तो आला नाही.

८. दि. १८ जानेवारीच्या उत्तरात आपण दोन तोडगे सुचवलेत. पहिला, कस्तुराबाईंचा ज्येष्ठ महिला म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणे. साहेब, ज्या बाईच्या हातचे पाणी गाव घेत नाही तिच्या हातात नारळ देऊन आपण फोटो काढणार. दुसरा, पुढील आवृत्तीत 'कस्तुराबाई' बदलून 'हाजराबी' करणे. आमच्या गावात हाजराबी आहेत. बांगड्या भरतात. भूकंपाच्या दिवशी त्या उदगीरला माहेरी होत्या. त्यांच्यावर आळ घालायचा असेल तर निदान एसटीचे जुने वेळापत्रक तपासून घ्यावे.

अर्जदाराने दुसऱ्या अर्जात शेवटचा उपाय लिहिला होता, की बदललेले नाव म्हणून 'महानंदा' घाला. हमीही राहील आणि खरेही होईल. आपले उत्तर, "उत्तरदात्याचे खरे नाव हे बदललेले नाव म्हणून वापरता येत नाही." आणि खाली, "याचा अर्थ केंद्राने अर्जदाराची ओळख मान्य केली असा घेऊ नये." अर्जदाराने ही दोन वाक्ये शेषेरावांना वाचायला दिली. त्यांनी चष्मा पुसून परत वाचली आणि अर्ज लिहिण्याचा मोबदला नको म्हणाले.

९. दि. ९ जानेवारीस उदगीरला आपला कार्यक्रम झाला, तिथे अर्जदार गेली होती. आता त्याचे पथनाट्य झाले आहे. पांढऱ्या केसांचा टोप घातलेली एक मुलगी कस्तुराबाई होते आणि "उधर कोई नहीं" असे ओरडते. अर्जदार ओरडली नव्हती. हळू सांगितले होते, जवानाला वाकून ऐकावे लागले होते. नाटक झाल्यावर सरांनी विचारले, कस्तुराबाईंचे चुकले असे किती जणांना वाटते, हात वर करा. पुष्कळ हात वर झाले. अर्जदाराचाही झाला.

१०. उदगीरहून परत आल्यावर अर्जदार कस्तुराबाईंच्या घरी गेली. तोवर त्यांच्या तोंडासमोर उभे राहण्याचे धाडस झाले नव्हते. त्या उंबऱ्यात तूर निवडत बसल्या होत्या. सगळे सांगून झाले तरी सूप थांबले नाही. मग त्या म्हणाल्या, "नंदे, मला काय नवीन सांगून राहिलीस? तू त्या जवानाला सांगितलंस तवा मी बाभळीखाली बसले होते, पोरगी मांडीवर घेऊन. ऐकलं मी."

अर्जदाराने विचारले, सतरा वर्षे का बोलला नाहीत?

"काय बोलायचं? मी तरी कुठं म्हणले, हाय म्हणून? पोरगी रडायला लागली, तिला गप करत बसले. तुझा एक तर जिता निघाला."

आणि आता, उज्वला गेली तेव्हा? त्यावर त्यांनी सूप खाली ठेवले. "माझं नाव घालवून तुझं सांगितलं असतं, तरी पोरीची माय माघारी येती का? तिला एक घर तरी राहू दे म्हणलं, तुझं. आता मला एवढंच वाटतं, परीक्षेच्या टायमाला तिला भायेरचं पचत न्हाई. दहावीला पेपरात वांती झाली होती. कुणी तरी तिला घरचं घाला."

अर्जदाराने त्यांना शब्द दिला आहे की उज्वला तुमच्या हातचे खाऊन पेपरला जाईल. सतरा वर्षांत अर्जदाराने देवाला पुष्कळ शब्द दिले आणि पाळले. माणसाला दिलेला हा पहिला.

११. सबब, आपल्याकडे एवढीच मागणी उरते. पुस्तकातील पान १४३ ते १५१ वर कस्तुराबाईंच्या नावाच्या जागी महानंदा मन्मथ हालकुडे हे नाव घालावे. हमी अर्जदारास दिलेली होती; अर्जदार ती या सहीने परत करत आहे. जिची हमी तिला ती परत करता येत नसेल, तर ती हमी कोणाची होती, हे मात्र कळवावे.

बाकी परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचे आहे. परवा रविवारी, दि. ३० जानेवारी रोजी, लातूरला आपला कार्यक्रम आहे. क्लासच्या मुला-मुलींना तिथे रांगेने आणणार आहेत, उज्वलाच्या वर्गालाही. टोप घातलेली मुलगी ते वाक्य म्हणेल तेव्हा अर्जदार उठून पुढे येईल, आणि तेच वाक्य जसे म्हटले होते तसे, हळू, म्हणून दाखवेल. त्यानंतर आपले नाव, बापाचे नाव, नवऱ्याचे नाव. कर्णा दिला नाही तरी चालेल, पहिल्या दोन रांगांना ऐकू गेले तरी पुरे. उज्वला मानेल का, अर्जदारास ठाऊक नाही. मानले तर ती पुन्हा कधी मावशी म्हणणार नाही, हे ठाऊक आहे. शिवमलाही रविवारनंतर कोणी ना कोणी सांगेलच.

कस्तुराबाई सभेला येणार नाहीत. त्या खोलीवर राहतील. घरमालकाला फोन करून किल्ली ठेवायला सांगितली आहे. ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि रॉकेलचा स्टोव्ह पोत्यात बांधून त्या फाट्यावर बसल्या आहेत; इथून दिसतात. हा अर्ज औशाच्या स्टँडवरच्या पेटीत पडेल आणि आपल्या हाती पोचेल तोवर रविवार होऊन गेलेला असेल. साडेतीनची गाडी आहे. पोते जड आहे, एका बाजूने धरायला पाहिजे.

आपल्या उत्तराची वाट न पाहता,

(सही)
महानंदा मन्मथ हालकुडे
मौजे सारणवाडी (पुनर्वसित), ता. औसा
दि. २८ जानेवारी २०११