दीक्षा वर्गात बसते

५ ऑगस्ट
ह्यांना जाऊन पाच महिने झाले. दीक्षाच्या पालकसभेला पहिल्यांदाच मी गेले. आजवर हेच जायचे, येऊन म्हणायचे, "मस्त चाललंय." पोरीला ऐकू येत नाही याचं त्यांना ओझं वाटलं नाही. ह्यांच्या कापडाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात सगळे हातांनीच बोलतात. "आमच्या कारखान्यात सगळेच बहिरे," म्हणायचे.
तिच्या वर्गाच्या पाटीलबाईंनी दी.ची वही दाखवली. सुंदर अक्षर, सगळं बरोबर.

८ ऑगस्ट
त्याच वहीतला धडा दी.समोर ठेवला. खुणेनं विचारलं, काय लिहिलंय? ओळींवरून बोट फिरवलं आणि हसली. 'आई' आणि 'पाणी', एवढंच कळलं तिला. आणि पाचवीत आहे.

९ ऑगस्ट
तिच्या बाकावरची नाझिया जिन्यात भेटली. "आंटी, हम सब उसको दिखाते हैं ना! पेपर में भी. टीचर को मालूम है." अभिमानाने सांगत होती. रागवायचं कुणावर?

१२ ऑगस्ट
बाई म्हणाल्या, "ताई, साठ पोरं हायेत वर्गात. तिला नापास करायला जीव न्हाय होत. खुशीत असते ना?"
असते. ते खरंच आहे.
मी एवढंच म्हटलं, तिला कुणी दाखवू नये. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. घरी येताना वाटलं, हे तिच्यासाठी की माझ्या समाधानासाठी...

१९ ऑगस्ट
दी.ला घेऊन ठाण्याची कर्णबधिरांची शाळा बघून आलो. तिथे शिकेल, पण वसतिगृहात राहावं लागेल. फॉर्म ३१ पर्यंत. मधल्या सुट्टीत पोरं हातांनी भांडत होती, चिडवत होती. दी.ला काही समजेना, तिच्या खुणा कारखान्यातल्या. तरी तिथून हलेना. परतताना तिनं खुणेनं विचारलं, नाझियाही येणार? मी मान हलवली, नाही. घराजवळच्या धामणकर नाक्यापर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. बघितलंच नाही तर तिच्याशी बोलणार कसं?
हे असते तर पाठवू दिलं नसतं. पण हे...

२७ ऑगस्ट
बाईंनी आज दी.ला फळ्याजवळ बोलावलं. अठ्ठेचाळीस भागिले सहा. सगळ्या पोरी आठ बोटं दाखवायला लागल्या. नाझिया सांगत होती, "टीचर चिल्लाई, हाथ नीचे!" माझ्यावर रुसलीय ती. दी.ने सहा लिहिले.
घरी आल्यावर दप्तर फेकलं, जेवली नाही. पहिलीपासून शाळेत आहे. वर्गात चुकली आज पहिल्यांदा.
ठाण्याचा फॉर्म भरलाय, सही नाही. उद्या शाळेत जाणार नाही म्हणते. तरी उद्या पाठवणार.