आमेनच्या आधी

आई, काल बायकांच्या सभेत मला बोलायला उभं केलं. विषय दिला होता, देवाचं ऐकावं कसं. आता बघ, जिला कानात मशीन घातल्याशिवाय कुकरची शिट्टी ऐकू येत नाही तिला हा विषय! जन्मभर दवाखान्यात नर्स होते, तोंड कधी मिटलं नाही, त्यामुळे बोलायचं भय नव्हतं. पण एका तरण्या सुनेनं सरळच विचारलं, "आज्जी, तुम्हाला कधी त्याचा आवाज आला का?" आला म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तेही खरं वाटेना. घरी आले तरी तुझ्या चुलीशेजारचं ते मडकं डोळ्यांपुढून हलेना, म्हणून लिहायला बसले.

देगलूरला मिशनच्या आवारात आपलं घर शेवटचं. मागे बोळ, बोळापलीकडे वाण्याचं परसू. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर आणि चर्चच्या मंडळीचे पंच. तू तेलंगी मुलखातून आलेली. मराठी आमच्यासारखीच बोलायचीस, पण राग आला की तेलुगू आणि माया आली की तेलुगू. दळायला बसण्याआधी तू मूठभर ज्वारी त्या मडक्यात टाकायचीस. मंडळीतल्या सगळ्याच बाया टाकायच्या. रविवारी घरोघरची ती मूठ आपल्या घरच्या कणगीत जमा व्हायची आणि पाळकसाहेब गावाला आले की गाडीत घालून न्यायचे. ते देवाचं धान्य. पोटात कावळे ओरडले तरी त्याला हात लावायचा नाही, हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं.

दिवेलागणीला प्रार्थना. बाबांची प्रार्थना म्हणजे हैदराबादच्या निजामापासून आपल्या खुडूक कोंबडीपर्यंत सगळ्यांना जागा. मला भूक लागलेली असायची, वरण निवत असायचं. बाबा एकदाचे आमेनच्या जवळ आले की तू म्हणायचीस, "उरुको." गप. "आपलं सांगून झालं, आता त्याला बोलू द्या की. समदं आपणच बोलल्यावर त्यानं बोलायचं कवा?" मग आपण तिघं डोळे मिटून गप्प. मला नेमकी तेव्हाच नाकाला खाज सुटायची. बाबा हळूच एक डोळा उघडून तुझ्याकडे बघायचे, आता म्हणू का आमेन म्हणून. तू ढिम्म.

मग ते रझाकारांचं वर्ष आलं. रस्ते धड राहिले नाहीत, पाळकसाहेबांचं येणं थांबलं, आणि कणगी मात्र भरत चालली. पलीकडच्या वाण्याचं दुकान लुटलं गेलं. तो जीव मुठीत धरून सरहद्द ओलांडून सोलापूरकडे गेला. मागे म्हातारी आई, बाळंतीण बायको आणि तान्हं लेकरू. त्यांच्या चुलीतून धूर निघायचा बंद झाला ते तुझ्याच आधी लक्षात आलं. तू बाबांना म्हणालीस, "अवो, बाळंतिणीला अन्न न्हाई, तिला दूध कुठनं यील? कणगीतलं देऊ का थोडं?" बाबा ताडकन म्हणाले, "ते मंडळीचं दान हाय. पाळकसाहेब आल्याबिगर एक दाणा हलायचा न्हाई." आणि आपल्या घरातलं द्यावं म्हणशील तर आपल्याच चुलीवर कण्या शिजत होत्या.

त्या संध्याकाळी बाबांनी प्रार्थनेत मागितलं, "हे बापा, भुकेल्यांना अन्न दे." सवयीनं मागितलं असणार. तू म्हणालीस, "उरुको." आपण गप्प झालो, आणि बोळापलीकडून ते लेकरू रडायला लागलं. रडणं कसलं, नुसतं कण्हणं. "ऐकलं का?" तू विचारलंस. बाबा म्हणाले, "शेजारचं लेकरू रडून राहिलंय." "मंग?" एवढंच तू म्हणालीस. बाबांनी पुन्हा डोळे गच्च मिटले. देव दुसरं काही बोलतो का बघत असावेत बिचारे! लेकरू परत रडलं. बाबा उठले आणि कणगीच्या तोंडावरचं फडकं त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं.

तुला केवढा हुरूप आला होता! बाळंतिणीच्या अंगात दळायचं बळ कुठलं, म्हणून तू लगोलग जात्यावर बसलीस. मऊसूत पीठ पाटीत भरलंस, वर स्वच्छ फडकं झाकलंस, आणि मला घेऊन त्यांच्या परसदारी गेलीस. म्हातारीनं फडकं उचलून पाहिलं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं पाटी आपल्याकडे सरकवली. "दाणं असतं तर धुवून घेतलं असतं गं बाई. तुज्या जात्यावरचं पीठ माज्या चुलीवर कसं चढवू?" आत लेकरू कण्हतच होतं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बोळातच ओरडले, "मरू दे त्यांना! आपल्या हाताला काय घाण लागलीय?" आजही आठवलं की राग येतो, आई, आणि तो मी सोडलेला नाही. तुला राग आला नव्हता असं नाही. पाटी धरलेल्या बोटांवरून कळत होतं. घरी येऊन तू भिंतीला टेकून डोळे मिटून बसलीस. मी बाजूला मुसमुसत होते. मग म्हणालीस, "तिचं तिच्या देवापाशी. पर चूक माजी बी झाली. मला द्यायला आवडंल ते मी घिऊन गेले. तिला काय चालंल ते इचारलंच न्हाई." आणि उठून, मोजत न बसता, ओंजळीनं ज्वारीचे दाणे पाटीत भरलेस आणि परत बोळ ओलांडलास.

दुसऱ्या दिवशी पहाटे तू मला हलवून जागं केलंस. "विनु," तेलुगूतच म्हणालीस, म्हणजे ऐक. बोळापलीकडून जात्याची घरघर येत होती, अडखळत, म्हातारीच्या हाताची. तू अंधारात हसत होतीस. ते पीठ म्हणशील तर बाबांनी तेवढी आपली ज्वारी कणगीत टाकायला लावली, तेव्हा कुठं आपण त्याची भाकरी खाल्ली.

पुढं रस्ते सुरू झाल्यावर पाळकसाहेब आले. कणगी अर्धी पाहून त्यांनी विचारलं, "मास्तर, कुणाला विचारून दिलं?" बाबा म्हणाले, "ज्याचं हाय त्याला." पाळकसाहेब टोपी काढून खाली बसले आणि म्हणाले, "मग मी विचारणारा कोण?" निजाम गेला, वाणी परतला. एक दिवस म्हातारी परसदारी आली आणि गुळाचा खडा तुला दिला. वरून टाकला नाही. तुझा हात धरून तळव्यावर ठेवला. तू घरात येऊन रडलीस, आणि मला वाटलं गूळच कडू निघाला.

आता मी लातूरला आहे. शेजारच्या खोलीत हिमायतनगरची एक पोरगी राहते, डॉक्टरकीच्या परीक्षेच्या शिकवणीला आलेली. सगळ्यांना वाटतं, आज्जी प्रार्थनेला बसताना कानातलं मशीन काढून ठेवत असतील. मी उलट त्याचा आवाज वाढवते. गाड्यांचे भोंगे, मिक्सर, कुणाचं भांडण, सगळं येतं. त्या सुनेला हे सांगायला हवं होतं, सुचलं नाही.

आत्ताही लिहिता लिहिता डोळे मिटले होते. भिंतीपलीकडे पोरगी रडून राहिलीय. कालपासून तिचा डबा दाराशी तसाच आहे. मी उठलेच होते, तूप घालून छान शिरा करावा म्हणून. खरं सांगू का आई, शिरा मलाच खायचा होता. जाते, आधी तिला विचारते. पत्र इथंच राहू दे. आमेन परत आल्यावर म्हणेन.