कुसुमताईंचा दम

रविवार, संध्याकाळ

कुसुमताईंनी पुन्हा खेळायला नको होतं का? एकेकाळी तालुक्याच्या कबड्डी चॅम्पियन असलेल्या माझ्या मोठ्या जाऊबाई आज्जी झाल्यावर आज खर्डीच्या मैदानात परत उतरल्या. महिनाभर चुलीपाशी सराव चालला होता. एक भाकरी थापून होईपर्यंत एकाच दमात "कबड्डी, कबड्डी". कॉन्व्हेंटात शिकलेली मी नवी नवरी होऊन आले, तेव्हाही त्यांचं हेच पाहून थक्क झाले होते.

आज पहिल्याच चढाईत दम तुटला. समोरच्या संघातली शेजारची पोर ओरडली, "काकी, भाकरी करपली गो!"

"तवा तापला नाय अजून," त्या म्हणाल्या खऱ्या, पण घरी येताच कोणाकडे न बघता स्वयंपाकघरात शिरल्या. उद्याच्या सामन्याला जातील?

आत्ता तिथून पुन्हा "कबड्डी, कबड्डी" ऐकू आलं. भाकरी तव्यावर पडेपर्यंत मीही इथे श्वास रोखून बसले.